«सांग ना, कसं घडलं ते»: माद्रिदमधल्या आल्कांतारा कुटुंबाची मालिका

निळीशाई (धागाकर्ती)

माद्रिदच्या दक्षिणेला काराबांचेल नावाची जुनी कामगारवस्ती आहे. २०१५-१६ मध्ये कामानिमित्त मी तिथे एका वयस्कर बाईंच्या घरी खोली घेऊन राहत होते. बाई मूळच्या एक्स्त्रेमादुरामधल्या एका खेड्यातल्या. साठच्या दशकात नवऱ्याबरोबर गाव सोडून माद्रिदला आलेल्या. घरात मधोमध एक गोल टेबल, त्यावर जमिनीपर्यंत लोंबणारं जाड कापड आणि टेबलाखाली शेगडी. आता विजेची, पूर्वी निखाऱ्यांची असायची. थंडीत सगळ्यांनी गुडघे त्या कापडाखाली घालून बसायचं. या टेबलाला तिकडे 'मेसा कामिया' म्हणतात. हिवाळ्यात दर गुरुवारी रात्री आम्ही दोघी तशा बसून एक मालिका बघायचो: «क्वेंतामे कोमो पासो», म्हणजे «सांग ना, कसं घडलं ते».

पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "इखा, ही बघ, म्हणजे तुला आम्ही कळू." इखा म्हणजे मुली. मी तोवर स्पेनबद्दल पुस्तकांत बरंच वाचलं होतं. पण आम्ही कळू म्हणजे काय, हे मला त्या टेबलापाशी बसून समजलं. खूप दिवस यावर लिहायचं मनात होतं.

स्पेनच्या सरकारी वाहिनीवर ही मालिका १३ सप्टेंबर २००१ ला सुरू झाली. न्यूयॉर्कचे मनोरे पडले त्यानंतर दोनच दिवसांनी आलेला गुरुवार. ती संपली २९ नोव्हेंबर २०२३ ला. २३ पर्वं, ४१३ भाग. एकाच कुटुंबाची गोष्ट, बहुतेक तेच नट, डोळ्यांदेखत म्हातारे होत गेलेले. कार्लोस हे शेंडेफळ पहिल्या भागात आठ वर्षांचं आहे. रिकार्दो गोमेस या मुलाने ती भूमिका सुरू केली तेव्हा तोही लहान शाळकरी पोर होता आणि मालिका सोडली तेव्हा चोवीस वर्षांचा तरुण. मोठा झालेला कार्लोस पडद्यामागून गोष्ट सांगतो. तो आवाज कार्लोस इपोलितो या नटाचा. आपल्या घरात लहानपणी काय चाललं होतं हे आता कळलेल्या माणसाचा आवाज, त्यामुळे त्यात माया आहे आणि थोडी शरमही.

गोष्ट सुरू होते एप्रिल १९६८ मध्ये. यादवी युद्ध जिंकून सत्तेवर आलेल्या जनरल फ्रांकोची हुकूमशाही तिसाव्या वर्षाकडे चाललेली. वडील आंतोनिओ (इमानोल आरियास) सकाळी एका मंत्रालयात शिपाई आणि दुपारनंतर छापखान्यात कामगार. एका पगारात भागत नाही म्हणून दोन-दोन नोकऱ्या करणं तेव्हा इतकं सर्रास होतं की त्याला 'प्लुरिएंप्लेओ' असा रोजच्या बोलण्यातला शब्द होता. आई मेर्सेदेस (आना दुआतो) घरी शिलाई मशीनवर एका दुकानासाठी पँटी शिवते. आजी एर्मिनिया (मारिया गालियाना) ही मेर्सेदेसची आई, म्हणजे आंतोनिओची सासू, लेकीकडे राहते. मोठी मुलगी इनेस पार्लरमध्ये काम करते. तोनी घराण्यातला विद्यापीठात जाणारा पहिला मुलगा. आणि कार्लोस. पुढे मारिया जन्मते. सगळे साग्रियास नावाच्या गावाहून माद्रिदच्या सान खेनारो वस्तीत आलेले. गाव आणि वस्ती दोन्ही काल्पनिक, पण माझ्या घरमालकिणीला विचाराल तर खिडकीबाहेर दिसतं तेच सान खेनारो.

पहिल्या भागात घरात टीव्ही येतो. ६ एप्रिल १९६८ च्या रात्री लंडनमधल्या युरोव्हिजन गाण्याच्या स्पर्धेत मासिएल नावाची गायिका स्पेनसाठी जिंकते, आणि सगळं घर त्या नव्या पेटीसमोर बसलेलं असतं. यामागची खरी हकीकत अशी, की हे गाणं आधी जोआन मानुएल सेर्रात गाणार होता. त्याने कातालान, म्हणजे बार्सेलोनाकडच्या भाषेत गाण्याचा हट्ट धरला, म्हणून राजवटीने त्याला बाजूला केलं आणि शेवटच्या घटकेला मासिएलला पाठवलं. घरातले आनंदाने टाळ्या वाजवतात, आणि त्या आनंदाच्या आत एक बंद केलेलं तोंड आहे. मला वाटतं या मालिकेचं सगळं मर्म त्या पहिल्याच रात्रीत आहे.

कारण त्या घरांचा एक नियम होता. माझ्या घरमालकिणीच्या तोंडी तो कायम असायचा: "दे एसो नो से आब्ला." त्याबद्दल बोलायचं नाही. यादवी युद्धात कोण कुठल्या बाजूला होतं, गावातून कुणाला रात्री उचलून नेलं, शेजारच्याचा भाऊ फ्रान्समध्ये का राहतो, काही बोलायचं नाही. एर्मिनिया आजी तर या गप्पपणाची मूर्ती आहे. नातू विद्यापीठात मोर्चाला जातो म्हटल्यावर तिचा हात थरथरतो. राजकारणात पडू नकोस, एवढंच ती सांगते. ती भित्री नाही. तिने १९३६ ते १९३९ चं ते युद्ध पाहिलंय. आणि अशा देशात, अशा घरांत, एका मालिकेचं नाव काय, तर «सांग ना, कसं घडलं ते». बोलायचं नाही म्हणणाऱ्या घराला केलेली ती विनंती आहे.

दुसरी गोष्ट मेर्सेदेसची. माझ्यासाठी ही मालिका तिचीच आहे. त्या काळच्या स्पॅनिश दिवाणी कायद्यात लिहिलं होतं की नवऱ्याने बायकोचं रक्षण करावं आणि बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळावी. विवाहित बाईला नोकरीचा करार करायचा, बँकेत खातं उघडायचं, तर नवऱ्याची परवानगी लागायची. हा नियम मे १९७५ मध्ये गेला. फ्रांको तेव्हा जिवंत होता, त्याच्या मरणाला सहा महिने होते. मेर्सेदेस पँटी शिवता शिवता पुढे स्वतःचं कपड्यांचं दुकान काढते, नंतर विद्यापीठात शिकायला जाते. प्रत्येक पायरीला आंतोनिओ आधी घाबरतो, मग चिडतो, मग कधीतरी उमजतो. तो वाईट माणूस नाही. "मेर्चे!" अशी तिला हाक मारतो तेव्हा त्यात खूप प्रेम असतं. पण देशातली राजवट त्याच्याही नकळत त्याच्या स्वयंपाकघरात राहत होती, आणि ती तिथून निघायला संसदेपेक्षा जास्त वेळ लागला.

बाकी खूप आहे, प्रतिसादांत लिहीन. कुणी पाहिली आहे का?

---

जास्वंद

फार सुंदर लिहिलंय. ते गुडघे टेबलाखाली घालून बसणं डोळ्यांसमोर आलं. लिहीत राहा.

---

रानवारा

लेख आवडला, पण एक शंका मनापासून मांडतो. मी ही मालिका पाहिलेली नाही, स्पेनच्या त्या काळाबद्दल मात्र बरंच वाचलंय. मार्च १९७४ मध्ये साल्वादोर पुइग आंतिक या तरुण अराजकतावाद्याला 'गारोते'ने मारलं, म्हणजे लोखंडी पट्ट्याने मान आवळून. २७ सप्टेंबर १९७५ ला, फ्रांको मरायच्या दोन महिने आधी, पाच जणांना गोळ्या घातल्या. अशा काळावर गोड आठवणींची कौटुंबिक मालिका काढली की प्रेक्षकाला काय लक्षात राहतं? नवा टीव्ही, जुनी गाणी, आईच्या हातचं जेवण. हुकूमशाही बॅकग्राउंडला जाते आणि शेवटी 'ते दिवस किती छान होते' एवढंच उरतं. स्मरणरंजनाचा हा धोका मला फार गंभीर वाटतो.

---

निळीशाई

रानवारा, शंका अगदी योग्य आहे. स्पेनमध्येही हा आक्षेप घेतला गेला. काहींना ती फ्रांकोच्या काळाला गोंजारणारी वाटली, तर दुसऱ्या बाजूच्या लोकांना सरकारी पैशाने केलेला डाव्यांचा प्रचार. सुरुवातीची पर्वं गोड आहेत हे मी मान्य करते. गोष्ट आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांतून आहे, आणि त्या वयात घर गोडच दिसतं.

पण तो गोडवा कुठून येतो तेही मालिका दाखवते, आणि त्यासाठी मला ती महत्त्वाची वाटते. १९५९ मध्ये राजवटीने अर्थव्यवस्था खुली करण्याची योजना आणली. साठच्या दशकात कारखाने, पर्यटन, बांधकाम झपाट्याने वाढलं. लाखो लोक गावं सोडून माद्रिद, बार्सेलोना, बिल्बाओला आले, लाखो जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंडला कामाला गेले आणि तिथून पैसे पाठवू लागले. फ्रिज, टीव्ही, मग गाडी. सेआत ६०० ही इवलीशी गाडी १९५७ ते १९७३ मध्ये सुमारे ८ लाख तयार झाली. सगळं हप्त्यांवर. आंतोनिओसारख्या माणसाला राजवट न बोलता सांगत होती: हप्ते भर, गप्प बस, पोरांना शिकव. आणि तो ते करतो. मनापासून, राबून राबून करतो. त्याच्या सुखाची किंमत त्याला ठाऊक नाही असं नाही, त्याने ती मोजायची नाही असं ठरवलंय.

ती किंमत घरात येते तोनीच्या रूपाने. त्याची पिढी विद्यापीठात 'ग्रिसेस'पुढे, म्हणजे करड्या गणवेशातल्या पोलिसांपुढे पळणारी. जानेवारी १९६९ मध्ये एन्रिके रुआनो नावाचा कायद्याचा विद्यार्थी पोलिसांच्या ताब्यात असताना इमारतीवरून पडून मेला. आत्महत्या, असं सरकारने सांगितलं. चारच दिवसांत देशभर आणीबाणीची स्थिती जाहीर झाली. तोनीही कायदा शिकणारा. मुलगा रात्री घरी यायला तासभर उशीर झाला तर आईच्या मनात काय येत असेल, हे मेर्सेदेसच्या चेहऱ्यावर बघावं. फाशीचा तख्त दाखवणारे सिनेमे मी पाहिलेत. पण दाराच्या कडीकडे कान लावून बसलेली आई मला जास्त दिवस आठवली.

---

सह्यकडा

+१. टीव्ही येण्याच्या प्रसंगावरून आठवलं. स्पेनमध्ये खेड्यापाड्यांत 'तेलेक्लब' असायचे ना? सरकारनेच काढलेली, गावाने मिळून टीव्ही बघायची खोली. आणि पडद्याच्या कोपऱ्यात चौकटीचे शंकरपाळे दाखवायचे म्हणे?

---

निळीशाई

हो! 'रोंबोस'. एक शंकरपाळा म्हणजे चौदा वर्षांखालच्यांनी बघू नये, दोन म्हणजे अठराखालच्यांनी. दोन शंकरपाळे दिसले की पोरांची झोपायला रवानगी. घरमालकिणीचा मुलगा आता साठीजवळ आलाय, पण कोपऱ्यात काही पांढरं चमकलं की अजून आईकडे बघतो, असं त्यानेच सांगितलं. सिनेमागृहात १९४३ पासून सिनेमाआधी सरकारी बातमीपट सक्तीचा होता, त्याला 'नोदो' म्हणत. धरणांची उद्‌घाटनं आणि मासे पकडणारा फ्रांको. मालिकेत या जुन्या चित्रफिती फार वापरल्यात, कधीकधी तर आंतोनिओलाच त्या खऱ्या चित्रीकरणात नेऊन उभा केलाय.

---

तिसरामजला

हा धागा दोनदा वाचला. मला १९७५ बद्दल लिहायचंय.

आम्ही गिरगावात चाळीत राहायचो. जुलै ७५ मध्ये बाबांना घरातून नेलं, मिसाखाली. आधी काही दिवस मुंबईत आणि मग येरवडा. ते सुटले जानेवारी ७७ मध्ये. मी तेव्हा सात वर्षांचा. मला कुणी काहीच सांगितलं नाही. बाबा कामाला बाहेरगावी गेलेत, एवढंच. चाळीतले काही लोक आमच्याशी बोलायचे बंद झाले आणि तेही का, हे कुणी सांगितलं नाही. पलीकडच्या खोलीतल्या काकू मात्र रोज संध्याकाळी एका वाटीत काहीतरी झाकून आणून द्यायच्या आणि एक शब्द न बोलता जायच्या. निळीशाई, तुम्ही लिहिलेलं ते वाक्य, त्याबद्दल बोलायचं नाही, ते आमच्या दीड खोलीत तसंच होतं.

बाबांचा पगार थांबला होता. आईने मशीन काढली. एका तयार कपड्यांच्या दुकानासाठी शर्टाच्या कॉलर आणि कफ शिवून द्यायची, नगावर पैसे. रात्री मला झोप लागायची ती मशीनच्या आवाजात. म्हणून तुमच्या मेर्सेदेसबद्दल वाचताना घशात काहीतरी अडकलं.

तारखा बघितल्या तर अंगावर काटा येतो. आपल्याकडे २५ जून ७५ ला आणीबाणी लागली तेव्हा फ्रांको जिवंत होता. २० नोव्हेंबर ७५ ला तो मेला. आपल्याकडे वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसलेला असताना तिकडे तो हळूहळू उठत होता. मार्च ७७ मध्ये आपण मतदान केलं, जून ७७ मध्ये त्यांनी. आम्ही गच्चीवर निकाल ऐकत होतो ती रात्र मला आठवते. बायका रडत होत्या आणि हसत होत्या. त्यांच्याकडेही असंच झालं असेल का?

---

निळीशाई

तिसरामजला, तुम्ही हे इथे लिहिलंत, खूप खूप आभार. त्या काकू आणि त्यांची वाटी मी विसरणार नाही.

१५ जून १९७७ बद्दल मी घरमालकिणीला मुद्दाम विचारलं होतं. त्याआधीची खरी निवडणूक फेब्रुवारी १९३६ मध्ये झालेली. मध्ये ४१ वर्षं. आणखी एक गोष्ट मला तोवर माहीत नव्हती: स्पेनमधल्या बायकांनी १९३३ मध्येच पहिल्यांदा संसदेसाठी मत दिलं होतं, फ्रांकोच्या आधीच्या प्रजासत्ताकात. म्हणजे ७७ च्या रांगेत अशा म्हाताऱ्या होत्या ज्यांनी तरुणपणी मतपत्रिका हातात धरली होती, आणि त्यांच्या मागे चाळिशीतल्या लेकी उभ्या होत्या ज्यांनी ती कधी पाहिलीच नव्हती. आजीला येत होतं आणि आईला शिकवावं लागत होतं. घरमालकीण म्हणाल्या, त्यांच्या सासूबाई ठेवणीतला काळा पोशाख घालून गेल्या आणि घरी येईपर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत.

पण फ्रांकोच्या मरणापासून या निवडणुकीपर्यंतच्या दीड वर्षाचा रस्ता सरळ नव्हता. तो मालिकेत सलग बघताना छातीत धडधडतं. २४ जानेवारी १९७७ च्या रात्री माद्रिदच्या आतोचा रस्त्यावर कामगारांचे खटले चालवणाऱ्या वकिलांच्या कार्यालयात अतिउजव्या बंदूकधाऱ्यांनी शिरून पाच जणांना मारलं. हे वकील ज्या कम्युनिस्ट पक्षाचे होते त्यावर तेव्हा बंदीच होती. अंत्ययात्रेला प्रचंड गर्दी लोटली आणि ती सगळी गर्दी चालली ती शांतपणे, शिस्तीत. पुष्कळ लोक म्हणतात की देशाचं मत त्या शांततेने फिरवलं. अडीच महिन्यांनी, ९ एप्रिलला, ईस्टरच्या आदल्या शनिवारी पंतप्रधान आदोल्फो सुआरेसने तो पक्ष कायदेशीर केला. बरेच लोक आणि निम्मं सरकार सुट्टीवर असताना! हा सुआरेस स्वतः फ्रांकोच्याच राजवटीत वाढलेला माणूस होता, पण जुन्या व्यवस्थेच्या किल्ल्या हातात असताना त्याने आतून दार उघडलं. माझ्या मनात त्याच्याबद्दल खूप आदर आहे.

---

मांडवीकाठ

पणजीहून लिहितोय. मी स्पॅनिश मालिका पाहिली नाही, पण तिच्यावरून केलेली पोर्तुगीज मालिका पाहिली आहे, «कोंता-म कोमु फोइ». २००७ ते २०११ मध्ये पोर्तुगालच्या सरकारी वाहिनीवर होती. लिस्बनमधलं लोपेस कुटुंब, तीही १९६८ मध्येच सुरू होते. त्याच वर्षी सालाझार खुर्चीवरून पडून डोक्याला मार लागून सत्तेबाहेर गेला आणि मार्सेलो कायतानो आला. पोर्तुगीज घरांत एक भीती अशी होती जी तुमच्या आल्कांतारांना नाही: मुलगा वयात आला की त्याला आंगोला, मोझांबिक नाहीतर गिनीच्या युद्धावर पाठवणार. १९६१ पासून १९७४ पर्यंत ते युद्ध चाललं. पोराचा अठरावा वाढदिवस जवळ आला की आईला रडू यायचं.

माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ १९६१ च्या आधीच लिस्बनला शिकायला गेले होते आणि तिकडेच राहिले. भारत आणि पोर्तुगालचे संबंध तुटलेले, त्यामुळे पत्रं तिसऱ्याच देशातल्या ओळखीच्या पत्त्यावरून फिरून यायची आणि त्यांत फक्त हवापाण्याबद्दल लिहिलेलं असायचं. २५ एप्रिल १९७४ ला तिकडे सैनिकांनी हुकूमशाही उलथली, लोकांनी बंदुकीच्या नळ्यांत लाल कार्नेशन खोचली. त्याच वर्षअखेर पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचं करारावर सही करून मान्य केलं. त्यानंतर आलेलं त्यांचं पहिलं लांबलचक पत्र आजोबांनी सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचलं. तेरा वर्षांचं सगळं एकदम. आजी म्हणाली, आता याचं पत्र याच्यासारखं वाटलं.

इटली, अर्जेंटिना, ग्रीसमध्येही याच्या आवृत्त्या झाल्यात ना?

---

निळीशाई

हो. इटलीची साठच्या दशकातली आहे, तिथे तेव्हा हुकूमशाही नव्हती. अर्जेंटिनाची १९७४ पासून सुरू होते, लष्करी सत्तेच्या आधीची दोन वर्षं. ग्रीसची १९६९ पासून, कर्नलांच्या राजवटीतली. पोर्तुगाल, ग्रीस आणि स्पेन या तिन्ही देशांत हुकूमशाही १९७४-७५ च्या दीड वर्षात गेली. त्या तिघांनाही आपली गोष्ट याच साच्यात सांगावीशी वाटली, यात मला काही नवल वाटत नाही.

तुमच्या आजीचं वाक्य वहीत लिहून घेतलंय.

---

रानवारा

तोनी आणि मेर्सेदेसबद्दल वाचून माझं मत थोडं बदललंय, मालिका बघेन. तरी एक प्रश्न राहतोच. ऑक्टोबर १९७७ च्या माफी कायद्याने राजकीय कैदी सुटले, पण छळ करणारे पोलीसही त्याच कायद्याने सुटले. आमचे-तुमचे हिशेब बंद, पुढे चला. स्पेनने लोकशाहीसाठी विसरण्याची किंमत मोजली. मग ही मालिका सांग ना म्हणते खरं, पण जे सांगायचं होतं ते सांगते का?

---

निळीशाई

यावर मी खूप विचार केलाय आणि माझं उत्तर पूर्ण तयार नाही.

मालिकेत साग्रियास गावाच्या निमित्ताने युद्धातल्या जुन्या जखमा वर येतात, आंतोनिओच्या घराण्यातल्याही. उशिरा येतात, हे खरंय. पण देशालाही उशीरच झाला. युद्धात मारून पुरलेल्यांच्या रस्त्याकडेच्या थडग्यांची, मृतांची दखल घेणारा कायदा २००७ मध्ये आला, दुसरा जास्त ठाम कायदा २०२२ मध्ये. फ्रांकोचं शव त्यानेच बांधवलेल्या अवाढव्य स्मारकातून बाहेर काढलं ऑक्टोबर २०१९ मध्ये. मालिका तेव्हा चालूच होती. म्हणजे प्रेक्षक जे पडद्यावर बघत होते, त्याचा निकाल बाहेर अजून लागायचा होता.

माझ्या घरापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर एक मोठं रिकामं मैदान होतं. काराबांचेलचा तुरुंग तिथे होता. राजकीय कैद्यांनीच बांधलेला आणि मग राजकीय कैद्यांनीच भरलेला. १९९८ मध्ये बंद झाला. वस्तीतल्या लोकांचं म्हणणं होतं की निदान मधला घुमट तरी ठेवा, तिथे स्मारक आणि दवाखाना करा. २००८ मध्ये तो सगळाच पाडला. एका रविवारी मी घरमालकिणीबरोबर तिथून जात होते. त्या कुंपणापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, माझा दीर इथे अकरा महिने होता. मी वर्षभर त्यांच्याकडे राहत होते, रोज एकत्र जेवत होतो, पण दीर होता हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

मग परत येताना त्यांनी २३ फेब्रुवारी १९८१ ची रात्र सांगितली. संध्याकाळी ६.२३ वाजता तेखेरो नावाचा सिव्हिल गार्ड या निमलष्करी पोलीस दलाचा अधिकारी लष्करी बंड करायला पिस्तूल घेऊन संसदेत घुसला. छताला गोळ्या लागल्या, खासदार बाकांखाली. वालेन्सियात रणगाडे रस्त्यावर. सगळा देश रेडिओला कान लावून बसला, म्हणून त्या रात्रीला ट्रान्झिस्टरची रात्र म्हणतात. बाईंचे यजमान कामगार संघटनेत होते. त्यांनी सभासदांची यादी काढली, न्हाणीघरात नेली आणि एकेक कागद जाळून राख पाण्याने सोडून दिली. पोरं झोपलेली. रात्री एक वाजून गेल्यावर राजा हुआन कार्लोस टीव्हीवर आला, लष्करी गणवेशात, आणि लोकशाहीच्या बाजूने बोलला. तेव्हा यजमान न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून रडले, कारण यादी जळून गेली होती आणि त्यातली अर्धी नावं त्यांना आठवत नव्हती.

मालिकेतला ८१ सालचा भाग आम्ही मग माझ्या लॅपटॉपवर पुन्हा पाहिला. तो चालू असताना त्या उठून गेल्या आणि न्हाणीघराचा दिवा लावून आल्या. का, ते मी विचारलं नाही.

---

जास्वंद

वाचून काय लिहावं सुचेना. प्रश्न फक्त व्यावहारिक: मला स्पॅनिश अगदी जुजबी येतं. कुठून सुरुवात करू? ४१३ भाग ऐकून धडकी भरली.

---

निळीशाई

जास्वंद, सगळे बघायची गरज नाही. मी स्पेनच्या सरकारी वाहिनीच्या संकेतस्थळावर बघते. सुरुवातीची पर्वं, म्हणजे १९६८ पासून फ्रांकोच्या मरणापर्यंत आणि थोडं पुढे, हा मालिकेचा प्राण आहे. पहिला भाग आधी, मग वाटलं तर उड्या मारा. पुढे मधली काही पर्वं लांबलीत, धंद्याच्या आणि प्रेमप्रकरणांच्या वळणांत गुरफटलीत. ऐंशीच्या दशकात मात्र पुन्हा जीव येतो: वस्त्यांत शिरलेली हेरॉइन, आणि मेर्सेदेसचा स्तनाचा कर्करोग. तेव्हा त्या शब्दाचा उच्चारही कुणी करत नसे, 'एक लांबलचक आजार' म्हणत. शेवटचं पर्व अवघं सात भागांचं आहे आणि गोष्ट २००१ पर्यंत आणून सोडतं, म्हणजे मालिका जिथे सुरू झाली त्या वर्षात.

भाषेचं म्हणाल तर आजीपासून सुरुवात करा. एर्मिनिया सावकाश आणि स्वच्छ बोलते. मारिया गालियाना मूळच्या शाळेतल्या शिक्षिका. कलेचा इतिहास शिकवायच्या आणि अभिनय सांभाळून निवृत्तीपर्यंत शिकवत राहिल्या. त्यांचा प्रत्येक शब्द फळ्यावर लिहिल्यासारखा ऐकू येतो.

---

मांडवीकाठ

घरमालकीणबाई आता कशा आहेत?

---

निळीशाई

८४ वर्षांच्या आहेत. दर रविवारी फोन होतो. मालिका संपली त्या रात्री मी पुण्यात होते. तिकडचा शेवट झाला तेव्हा आपल्याकडे पहाट झाली होती. त्यांनीच फोन केला आणि म्हणाल्या, "झालं. आता गुरुवारी काय करायचं?" शेवटचं पर्व बुधवारी दाखवत होते, पण त्यांच्यासाठी तो गुरुवारच.

---

तिसरामजला

काल दुपारी पहिला भाग आईबरोबर बघितला. आई ८१ वर्षांची आहे. स्पॅनिशचा गंध नाही, मी मधूनमधून अर्थ सांगत होतो, मलाही अर्धाच कळत होता. टीव्ही घरात येतो तिथे ती हसली. मासिएल जिंकते तेव्हा तिला फारसं काही वाटलं नाही.

मेर्सेदेस पँटी शिवते हे मी सांगितल्यावर मात्र तिने चष्मा पुसला आणि मला भाग थांबवायला लावला. बराच वेळ पडद्याकडे बघत होती. मला वाटलं बाबांबद्दल काही बोलेल. ७५ सालाबद्दल आजवर आम्ही दोघं कधी बोललेलो नाही.

ती म्हणाली, "नगाला किती देतात रे हिला?"

मी म्हटलं, ठाऊक नाही. मग तिने मला तिचा दर सांगितला. कॉलरचा वेगळा, कफचा वेगळा, आणि दुकानदार कुठल्या महिन्यात किती कापून घ्यायचा तेही. मग पलीकडच्या काकूंचं नाव काढलं. संध्याकाळचे साडेसात झाले, भाग तिथेच थांबलेला होता. उरलेला आज दुपारी बघणार आहोत, तिची झोप झाली की.